पुलावरचा राक्षस कुणाचा?

देवळ्याहून आत्याने पाठवलेली कांद्याची गोणी गॅलरीत उघडली आणि त्या उग्र वासासरशी इंदिरानगरच्या जुन्या फ्लॅटमधली एक दुपार आठवली.

खाली चटई, मधोमध वीस बाजूंचा निळा फासा. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, असा हा खेळ मी नुकताच शिकले होते. आत्या आणि तिची सून पहिल्यांदाच खेळणार म्हणून मी मुद्दाम छोटी मोहीम निवडली होती. पूल, पुलावर राक्षस, पलीकडे खजिना.

"राक्षस गुरगुरतोय. काय करणार?" मी विचारलं.

सुनेने लगेच तलवार उपसली. भज्यांचा कांदा चिरता चिरता आत्याने तिला थांबवलं आणि राक्षसाला विचारलं, "तू कोना पोऱ्या शेस रे?"

गावात अनोळखी पोर दिसलं की ती हेच विचारते, कुणाचा मुलगा तू? मी मोहिमेचा कागद उलटसुलट केला. राक्षस किती घाव सोसेल ते लिहिलं होतं, तो कुणाचा ते नव्हतं.

"पुलाखालच्या म्हातारीचा," मी सुचेल ते बोलले.

"मंग चाल, तिलाच भेटू."

मग दुपारभर म्हातारीशीच बोलणं चाललं, खजिन्यापर्यंत कुणी पोचलंच नाही. आत्याला खेळ कळला नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं.

आता आमच्या खेळाच्या गटात नवख्यांसाठी मोहीम मीच निवडते आणि माझी निवड चुकत नाही. नकाशा, खजिना नंतर बघते. राक्षस कुणाचा, हे लिहिलेलं नसेल तर ती मोहीम मी तिथल्या तिथे मिटून ठेवते.