केसाएवढं वाकडेपण

घाट उतरताना ब्रेक दाबला की आमच्या जुन्या गाडीची सीट थरथरायची आणि शेजारी बसलेली आई घाबरून दाराची कडी धरायची. शेवटी एका रविवारी अंगणात मी मागचं चाक काढलं. ब्रेकची लोखंडी चकती अगदी सपाट दिसत होती. बारीकसा चढउतारही काट्यावर दाखवणारं डायल गेज तिला टेकवून ती हातानं हळूहळू फिरवली, तसा गेजचा काटा जरासा पुढे गेला आणि मागे आला.

"किती वाकडी आहे रे?" आईनं विचारलं.

"केसाच्या जाडीएवढी."

तिनं चकतीवरून बोट फिरवलं. "हाताला तर काहीच लागत नाही. एवढ्याशानं अख्खी गाडी हलते?"

मलाही ते खरं वाटेना. डोळ्यांना न दिसणारं ते वाकडेपण आमच्या अंगाला मात्र केव्हाच कळलं होतं.

पुढे चकती बदलली, थरथर थांबली. पण त्या दुपारी आई कितीतरी वेळ चकती फिरवत, श्वास रोखून काट्याकडे बघत राहिली.