पितांबराचा काठ

आमच्या कल्याणात तेव्हा श्रावण लागला की घरोघरचे पाट आमच्या पडवीत येऊन पडायचे. ज्या घरचा पाट, त्यावरच त्या घरचा गणपती घडायचा. कुणाला किती नवं पचेल, हे बाबा पाट बघूनच सांगायचे. ठाण्याच्या एका तरुण वकिलांना दरसाल काहीतरी वेगळं लागे. त्यांचा गणपती कधी फेटा बांधून, तर कधी चक्क खुर्चीवर बसायचा!

आणि पारनाक्यावरच्या आजी? विधवेचं लाल आलवण नेसलेली ती म्हातारी म्हणजे जमदग्नी. एकदा बाबांनी पितांबराला जरा केशरी झाक दिली, तर बाईंनी मूर्ती परत पाठवली. मी तणतणले, "काय बाई तिरसट म्हातारी!" बाबा हसले. म्हणाले, "अगं, वर्षभर ज्याची वाट बघितली, तो ओळखू यायला नको का तिला?"

नवरा गेल्यावर मी माहेरी आलेली. माती मळायची, रंग घोटायचे, हे माझं काम. डोळे मात्र बाबाच आखायचे. त्या वर्षी चतुर्थी तोंडावर आली आणि बाबांचा उजवा हात लुळा पडला. मूर्ती रंगून तयार होत्या, पण एकीलाही डोळे नव्हते. बाबांनी डाव्या हातानं कुंचला माझ्यापुढे सरकवला.

"बाबा, विधवेच्या हातचे डोळे कोण घेईल? लोक पाट परत नेतील. मग आपण खायचं काय?"

"तू आख," ते म्हणाले. "आणि कुणी विचारलं तर खोटं बोलू नकोस."

मी आखले. प्रत्येक मूर्तीपुढे आधी हात जोडले, मग कुंचला टेकवला.

वकील आले. मूर्ती बघून खूश झाले. डोळे कुणी आखले ते कळलं, तसा त्यांनी आवाज खाली आणला. "माझं काही नाही हो," म्हणाले, "पण घरी आई आहे. तिला कळू देऊ नका." मूर्ती घेऊन गेले बिचारे. मला रागसुद्धा आला नाही. फेटा पचला, खुर्ची पचली, हे मात्र त्यांच्या घशात अडकलं.

वकिलांची ही गत, मग आजी काय करतील? त्या येताना दिसल्या आणि मी खांबाआड झाले. त्या मूर्तीसमोर बसल्या. किती वेळ नुसत्या बघत होत्या!

"डोळे कुणी आखले?"

बाबा माझ्याकडे बघू लागले. मी पुढे झाले. "मी."

त्यांनी माझ्या रिकाम्या कपाळाकडे पाहिलं, पुन्हा मूर्तीकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. "माझ्याकडेच बघतोय गं," त्या हळूच म्हणाल्या. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. केशरी झाक न चालणारी ही बाई, आणि माझा हात तिला चालला! देवाशपथ सांगते, एवढं नवल मी जन्मात पाहिलं नाही. काय मन असतं एकेकाचं!

मी पाया पडायला वाकले, तोच त्यांचा आवाज चढला.

"थांब. ह्या पितांबराचा काठ जाड का झालाय? दरवर्षी बारीक असतो. तो आधी नीट कर, मग नेते."

आणि त्या तिथंच मांडी ठोकून बसल्या. मी पदरानं डोळे पुसले आणि कुंचला उचलला.