दवावर खेळलेली मॅच

"मॅडम, हे बघा," लतीफभाई म्हणाले आणि हात मागे बांधून उभे राहिले.

मी पेनल्टी बॉक्समध्ये गुडघ्यांवर बसले. सकाळचे सहा वाजले होते. हवेत इतका दमटपणा की चष्म्यावर सारखी वाफ धरत होती. गवताचं एक पातं चिमटीत धरून चोळलं. बोटांना तेलकट लागलं. अजून खाली वाकले, तर बुडाशी कापूस पिंजून टाकावा तसे पांढरे धागे.

"कधी दिसलं?"

"आत्ता. काल नव्हतं."

सीझनची पहिली मॅच अकरा दिवसांवर आली होती.

माझं काम आधी सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. अबू धाबीतल्या एका युनिव्हर्सिटीचं फुटबॉल ग्राउंड माझ्याकडे आहे. पोस्टचं नाव टर्फ मॅनेजर. टर्फ म्हणजे खेळायचं गवत. ते पेरायचं, पाजायचं, कापायचं, आजारी पडलं की बरं करायचं. कोरेगावला आमच्या घरी सगळ्यांना वाटतं की अॅग्रीची डिग्री घेऊन पोरगी वाळवंटात गवत उपटते. उपटत नाही हो, लावते. तेही अशा जातीचं, जे खारट पाण्यावर जगतं आणि वर बावीस पोरं नाचली तरी तक्रार करत नाही.

लतीफभाई मूळचे श्रीवर्धनचे. ते मोअर चालवतात, म्हणजे गवत कापायचं मोठं मशीन. टीव्हीवर ग्राउंडवर फिके-गडद पट्टे दिसतात ना, ते यांचं काम. त्यात रंग-बिंग काही नसतो. मशीनचा रोलर पातं एका बाजूला वाकवतो. तुमच्यापासून पलीकडे वाकलेलं फिकं दिसतं, तुमच्याकडे वाकलेलं गडद. एवढंच. पण ते सरळ रेषेत यायला लतीफभाईच लागतात.

आणि ती मॅच. गेल्या वर्षीची फायनल ज्या दोन टीम्समध्ये झाली, त्याच दोघींची या वर्षी पहिली मॅच. आमची टीम आणि शारजाहून येणारे पाहुणे. फायनल पेनल्टीवर सुटली होती, आमच्या बाजूने. पाहुणे उन्हाळाभर ते विसरले नसणार. कँपसमध्ये सप्टेंबर लागल्यापासून दुसरा विषय नव्हता. कॅन्टीनवाला चहा देताना टीममध्ये कोणकोण खेळणार ते सांगायचा.

खरं सांगायचं तर मला फुटबॉल कळत नाही. ऑफसाइड अजून दोनदा समजवावा लागतो. पण खेळून झालेलं ग्राउंड मला वाचता येतं. बुटाच्या खिळ्यांनी गवताचे तुकडे उपसून येतात. ते कुठे जास्त, कुठे कमी, यावरून कोण कुठे वळला ते दिसतं. आमचा अकरा नंबर कायम डाव्या कॉर्नरकडून आत येतो आणि बॉक्सच्या तोंडाशी उजव्या पायावर गर्रकन वळतो. त्याचा चेहरा मला आठवत नाही. त्याचा टाचेचा खड्डा मी कुठेही ओळखीन.

तर मी काय करायचे, रोज सव्वापाचला यायचे. आधी नर्सरीत एक फेरी. नर्सरी म्हणजे ग्राउंडबाहेर वाढवलेला गवताचा तुकडा, ठिगळं लावायला राखून ठेवलेला. तिथे शिरतानाच चप्पल काढायची आणि तशीच अनवाणी पुढे ग्राउंडवर. आई लहानपणी म्हणायची, पहाटेच्या दवात चाललं की डोळे थंड राहतात, नंबर वाढत नाही. माझा नंबर गेली तीस वर्षं वाढतोच आहे. पण पायांना सवय लागली ती लागली.

आणि त्या वेळचं ग्राउंड! कोणी नाही. समुद्राकडून आलेलं धुकं गोलपोस्टला टेकलेलं. पलीकडे अल रीमचे टॉवर अर्धे ढगात, आमचं घर त्यातच कुठेतरी. पायाखाली थंडगार. आणि मला ती मॅच दिसायला लागायची. अजून न झालेली. डाव्या कॉर्नरपासून मी निघायचे, अकरा नंबरच्या वाटेने. एक डिफेंडर आडवा येतोय, त्याला वळसा घालायचा. आता आत. पेनल्टी स्पॉटपाशी थांबायचं, कारण तिथे आमचा नऊ नंबर उभा आहे आणि पास त्याला द्यायचा आहे. मग गोल. मग हाफवेकडे, म्हणजे मधल्या रेषेकडे सावकाश, लोकांच्या आवाजातून चालत. कोणी बघत नाही अशी खात्री करून हात थोडे पसरायचेसुद्धा. वय शेहेचाळीस. असो.

लतीफभाई एक-दोनदा म्हणाले होते, "मॅडम, दवात चालू नका. सर्दी होईल."

मी हसले होते.

आता आजाराकडे येते. पिथियम नावाची बुरशी. आमच्याकडे आल्याच्या शेतात कंद कुजवते, तिचंच भावंड. उष्ण आणि दमट रात्र मिळाली की ही वाढते, आणि पानं ओली असताना जे काही तिच्यावरून जाईल त्याला चिकटून प्रवास करते. पुस्तकात लिहिलेलं आहे: लांब पट्ट्यात पसरली असेल तर मोअर तपासा.

दुसऱ्या दिवशी तपकिरी डाग वाढले. पट्ट्यातच. मी फवारणी सुरू केली आणि वरच्यांना ई-मेल टाकली. "मोअरमधून पसरले असावे." पुस्तकातलं वाक्य, जसंच्या तसं. पाच मिनिटांचं काम.

नबील म्हणजे आमचे फॅसिलिटीज मॅनेजर, लेबनॉनचे. इंग्रजी, अरबी आणि कामापुरती हिंदी एकाच वाक्यात बोलतात. त्यांनी आम्हा दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं.

"मोअर कोण चालवतं?"

"लतीफभाई. पण—"

"खलास. सोमवारपासून हा रुवैसच्या साइटवर. तिथे रिफायनरीच्या कॉलनीतली लॉन आहेत, कॅमेरा नाही. इथे मी दुसरा ऑपरेटर आणतो."

"मी 'असावे' लिहिलंय, नबील. खात्री नाहीये."

"मिस सुजाता, मॅच लाइव्ह जाणार आहे. मला 'असावे' वाचायला वेळ नाही. यल्ला, चला."

लतीफभाई एक शब्द बोलले नाहीत. बाहेर कॉरिडॉरमध्ये मीच आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "रुवैस लांब आहे, पण नोकरी तीच आहे ना."

"नोकरीचं काय नाही, मॅडम. डिसेंबरात तसाही मी एक्झिट, कायमचा गावी. फक्त मॅच हुकणार."

"तुम्ही कधीपासून फुटबॉल बघायला लागलात?"

"मॅच नाही हो. ग्राउंड." ते थोडे लाजले. "तेवीस वर्षं झाली इथे. फरीदा, माझी बायको, म्हणते, गवतच कापायचं होतं तर श्रीवर्धनात काय कमी होतं गवत? तिला कधी दाखवताच आलं नाही. फोटोत पट्टे नीट येत नाहीत. यंदा पहिल्यांदा यूट्यूबवर लाइव्ह आहे. पोरगी टीव्हीला जोडून देणार आहे. सगळी आळी बोलावलीय तिने."



त्या संध्याकाळी घरी जेवणाकडे लक्ष नव्हतं. लेकीने विचारलं काय झालं, सांगितलं. तिचा जन्म इथलाच. ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, "आई, इट्स ग्रास. इट ग्रोज बॅक." गवत येईल गं परत. लतीफभाई सोमवारी जाणार होते.

आणि एक गोष्ट मला टोचत होती. लतीफभाई दव सुकल्याशिवाय मशीनला हात लावत नाहीत. आठच्या आधी कधीच नाही. कापून झालं की मशीनची पाती औषधाच्या पाण्याने धुतात. मग ओल्या पानांवरून मशीन गेलं कधी?

शुक्रवारी सकाळी मी प्रत्येक डागाशी एक छोटी पांढरी झेंडी खोचली. चाळीसेक झाल्या. मग स्टँडच्या सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसले.

धुकं विरळ होत होतं. खाली झेंड्या एकेक करून वर आल्या. मशीन सरळ जातं. ही रेघ सरळ नव्हती. डाव्या कॉर्नरजवळच्या गेटमधून निघाली होती. थोडी पुढे येऊन तिने कुणाला तरी वळसा घातला होता, आणि तिथे कोणीच नव्हतं. मग ती आत वळली. पेनल्टी स्पॉटपाशी झेंड्यांचा घोळका झाला होता, कोणी बराच वेळ उभं राहावं तसा. तिथून हाफवेकडे, एकेका पावलाच्या अंतराने, सावकाश.

मी ती मूव्ह ओळखली. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, आणि वाळवंटात राहून इतकी वर्षं झाली होती.

धावत नर्सरीत गेले. तिथला डाग जुना होता, चांगला आठवड्याचा. मी रोज त्यावरून चालत होते आणि माझं सगळं लक्ष पुढच्या मॅचवर. नर्सरी आम्ही छोट्या हातमशीनने कापतो, मोठं मोअर तिथे जातच नाही. नर्सरीतून ग्राउंडवर रोज जाणारी गोष्ट एकच होती, माझे पाय.

आता लाजेची गोष्ट सांगते. ग्राउंडच्या गेटवर औषधाच्या पाण्याचा ट्रे आहे. बूट त्यात बुडवल्याशिवाय आत पाऊल नाही. हा नियम माझाच. एकदा डीनना परत पाठवलं होतं मी! आणि मी स्वतः? ट्रे ओलांडून जायचे. कारण माझ्या पायात बूटच नव्हते. आपल्याकडे चप्पल काढली की माणूस पवित्र झाला. देवळात जाताना कोणी पायाला औषध लावतं का? माझ्या डोक्यात हे इतकं पक्कं होतं की कधी प्रश्नच पडला नाही.

लतीफभाई स्टोअरमध्ये मशीनला तेल घालत होते.

"लतीफभाई, तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी तेलाचा डबा खाली ठेवला. "दवावर पावलं दिसतात, मॅडम. मी पावणेसहाला येतो."

"मग नबीलसमोर का नाही बोललात?"

"काय बोलू? डिग्री तुमची, ई-मेल तुमची. मी म्हणणार मॅडमचे पाय, आणि ते ऐकणार?" मग म्हणाले, "आणि मी सांगितलं होतं तुम्हाला. दोनदा. सर्दी होईल म्हणालो."

"मला वाटलं, सर्दी मला होईल."

"साहेब लोकांना असंच सांगायचं असतं," ते म्हणाले.

रागाने म्हणाले नाहीत, तेच जास्त लागलं. माझे डोळे भरून आले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मी. मी तशीच नबीलच्या केबिनमध्ये गेले.

"मशीन नाही. मी आहे."

"म्हणजे?"

सांगितलं. नर्सरी, पाय, ट्रे, सगळं. मूव्हचं तेवढं सांगितलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अनवाणी? का?"

"डोळ्यांचा नंबर कमी व्हावा म्हणून."

त्यांनी माझ्या चष्म्याकडे बघितलं. "हबीबी, त्यासाठी डॉक्टर असतात."

मला लेखी वॉर्निंग मिळाली. सतरा वर्षांतली पहिली. लतीफभाईंची बदली रद्द झाली, पण मी तेवढ्यावर थांबले नाही. पहिली ई-मेल ज्यांना ज्यांना गेली होती त्या सगळ्यांना दुसरी पाठवली. त्यात 'असावे' नव्हतं.

राहिले आठ दिवस. फवारणीने बुरशी थांबली. संध्याकाळचं पाणी बंद करून सकाळी उशिरा द्यायला लागलो. पण मेलेलं गवत मेलेलंच दिसतं, आणि ठिगळ लावावं तर नर्सरीच आजारी. डाग बारीक झाले, गेले नाहीत. कॅमेऱ्यात दिसणार होते.

"पट्टे सरकवतो," लतीफभाई म्हणाले.

"म्हणजे?"

"फिक्या पट्ट्यात फिका डाग लपतो. बॉक्सपुरता पट्टा रुंद करतो आणि कॅमेऱ्यापासून पलीकडे कापतो. पुस्तकात नसेल हे."

नव्हतं.

शनिवारी सहाच्या सुमाराला सूर्य खाली गेला आणि लाइट लागले. स्टँड भरला होता. मी बूट घालून, ट्रेमध्ये दोनदा बुडवून, टचलाइनबाहेर, ग्राउंडच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. समोर पट्टे असे पसरले होते, की मलाही डाग शोधावा लागला. दोन्ही टीम्स आल्या. अकरा नंबर डाव्या कॉर्नरकडे धावत गेला आणि मी खुर्चीतून अर्धी उठले.

माझ्या स्वप्नातली मूव्ह झालीच नाही. अकरा नंबर दोनदा आत आला, दोनदा चेंडू गमावला. मॅच एक-एक सुटली आणि दोन्ही गोल पलीकडच्या टोकाला झाले. माझ्या बॉक्समध्ये कोणी घसरून पडलं नाही, एवढं मात्र मी मोजलं.

हाफटाइमला लतीफभाई फोन कानाला लावून मशीनच्या शेडपाशी उभे होते. सारखे हसत होते आणि सारखे डोळे पुसत होते. मी जवळ गेले.

"काय म्हणतात फरीदाभाभी?"

"म्हणते, फार सुंदर. आळीत सगळ्यांना सांगितलं, हे आमच्या ह्यांनी केलं." फोन खिशात टाकत ते म्हणाले, "आणि विचारते, एवढं सरळ कापता येतं, तर सुट्टीवर आलात की आपलं अंगण वाकडं का कापता?"

डिसेंबरात ते गेले. त्या ट्रेवरची पाटी मी बदलली आहे. आधी 'बूट' असं होतं, आता 'बूट आणि पाय' आहे. लोक वाचून हसतात. पहाटे मी अजूनही जाते, खुर्ची टाकून टचलाइनबाहेर बसते, आणि पुढची मॅच बघते. न झालेली मॅच बघायला काहीच हरकत नाही. आत जायच्या आधी पाय धुवावेत.