गयाआत्यासोबत जऊळक्यापर्यंत

अकोल्याहून पूर्णेकडे जाणारी छोटी गाडी इतकी सावकाश निघते की निरोप द्यायला आलेली माणसं गप्पा मारत बराच वेळ तिच्याबरोबर चालतात. शहात्तर सालच्या थंडीत मी तिच्यात बसले ती गयाआत्याला आणायला. आत्या आता नाही. पण तिचा विषय निघाला की मला आधी तो प्रवास आठवतो, आणि हसू येतं.

आत्या केनवडची. मी पाळण्यात असताना माझी आई वारली, मला आत्यानेच वाढवलं. तिला अक्षरओळख नव्हती, पण छप्पन साली दीक्षा घेतल्यावर सगळी बुद्धवंदना तिने नुसती ऐकून पाठ केली आणि गावोगाव पायी हिंडून बायांना शिकवली. आता तिला विसर पडत चालला होता. मुलगा कोण, सून कोण, जेवण झालं की नाही, काहीच टिकत नव्हतं. वंदना तेवढी शाबूत होती. तिचा मुलगा भीमरावदादा आणि वहिनी ऊसतोडीला निघणार होते. तिला एकटं ठेवणार कसं? मी अकोल्याला शाळेत शिकवत होते. मी कळवलं, माझ्याकडे राहू दे.

जऊळक्याला उतरून एस.टी.ने केनवड गाठलं. वाटेत दोन्ही बाजूंना तूर पिवळ्या फुलांनी भरली होती. आत्या ओट्यावर ऊन खात बसली होती. मी वाकून म्हटलं, "जय भीम, आत्या."

तिने माझी इस्त्रीची साडी, मनगटावरचं घड्याळ, हातातली पर्स निरखून पाहिली आणि आत हाक मारली, "घरात कोन हाये व? नर्सबाई आली!" मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "मले नाई करा लागत ऑपरेशन. मालक जाऊन लय दिस झाले."

ते नसबंदीचे दिवस होते. अनोळखी नर्स दिसली की गल्ल्या ओस पडायच्या. दादा मात्र हसून हसून खाटेवर आडवा झाला.

रात्री वहिनीने भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा वाढला. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आत्याने पाठीवर हात फिरवला. "रडू नको, बाई. सरकारी नोकरीत असंच राह्यते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसमध्ये बसलो. बस हलली तशी आत्याने हात जोडले आणि खणखणीत आवाजात वंदनेतलं त्रिसरण, मग पंचशील सुरू केलं. आमच्या समाजातल्या बाया मागून म्हणू लागल्या, बाकीचे कौतुकाने ऐकत होते. दारू न पिण्याचं पाचवं शील आलं आणि आत्या थांबली. मागच्या बाकावर एक मिशाळ गृहस्थ बसला होता. सकाळी सकाळीच त्याचा वास पुढपर्यंत येत होता.

"त्या भाऊचा आवाज नाई आला," आत्या म्हणाली.

"माय, मी तुमच्यातला नाई," तो गडबडला. "मी हिंदू हाये."

"मंग? हिंदूले दारू चढत नाई का?"

सगळी बस हसली. कंडक्टर म्हणाला, "म्हण ना बापू! काहून अडून बसला?" मिशाळाने चाचरत शील म्हटलं. आत्याने समाधानाने डोळे मिटले. पुढच्या फाट्यावर गाडी थांबली, तिने डोळे उघडले, आणि त्रिसरणापासून सगळं नव्याने सुरू झालं. मग प्रत्येक थांब्यावर हेच. जऊळका येईपर्यंत मिशाळाला पाचवं शील तोंडपाठ झालं होतं. "माय," तो उतरताना म्हणाला, "आता तं मले माह्याच वासाचं भेव वाटून राह्यलं."

स्टेशनवर आत्याला बाकावर बसवून मी तिकिटं काढायला गेले. परत आले तर तिच्याभोवती गर्दी, आणि आत्या माझ्याकडे बोट दाखवत होती. "हेच ते नर्सबाई. मले ऑपरेशनले नेऊन राह्यली."

"काहून व बाई?" एक धिप्पाड माणूस अंगावर आला. "एवढ्या म्हातारीले बी सोडत नाई तुमी?"

"अहो, ही माझी आत्या आहे!"

त्याने आत्याला विचारलं, "आजी, हे तुमची कोन हाये?"

"सरकारची," आत्या म्हणाली.

कोणीतरी माझी पर्स ओढली, तिचा पट्टा तुटला. तेवढ्यात बसमधला मिशाळ गर्दीत घुसला. "थांबा रे! मी यायच्यासंगच आलो. सारी वाट ह्या पोरीनं म्हातारीचं डोकं खांद्यावर घेतलं, पदरानं तिचं तोंड पुसलं. नर्स असं करत असते का?"

गर्दी पांगली. धिप्पाड माणसाने ओशाळून मला पाण्याचा तांब्या आणून दिला. या गोंधळात गाडी आली आणि निघूनही गेली. आत्याने तिला हात हलवून निरोप दिला.

मी तिच्या शेजारी बसले. अकोल्यात मी दिवसभर शाळेत असणार. ही दारातून बाहेर पडली तर? इथे एका अनोळखी म्हातारीसाठी अख्खा फलाट धावून आला होता. अकोल्यात माझ्या गल्लीत कोण धावेल, याची मला खात्री देता येईना. आम्ही उलट्या बसने केनवडला परतलो.

वहिनी रडायलाच लागली. पण शेजारच्या बाया जमल्या. त्यातली एक म्हणाली, "वंदना आमाले हिनंच शिकवली. आमच्या घरी राह्यन ते." दुसरी म्हणाली, माझ्याकडे का नको? शेवटी पाळ्या ठरल्या. आत्याला कुठलंच घर ओळखू येत नसे, त्यामुळे कुठलंही घर तिला आपलंच वाटे. त्या हंगामात तिला गल्लीभर सुना झाल्या, आणि भाकरी जाड झाली म्हणून प्रत्येकीने तिची बोलणी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा ती पुन्हा ओट्यावर बसली होती.

"बाई, तुमची माय हाये का?" तिने विचारलं.

"आहे."

"कुठं राह्यते?"

"इथंच. केनवडला."

"मंग तिले भेटल्याबिगर जाऊ नका. म्हातारपनी मानूस समदं इसरते, पन वाट पायनं इसरत नाई."

मी तिच्याजवळ टेकले. बस येऊन गेली, तरी उठले नाही.

पुढे आत्या असेपर्यंत दर महिन्याला मी केनवडला जात राहिले. त्या दिवशी मात्र दुपारची बस धरून जऊळका गाठलं. छोट्या गाडीत शेजारच्या बाईने सरकून जागा दिली आणि कुठून आलात म्हणून विचारलं.

"आईकडून," मी म्हटलं.