कमी किलोमीटरचा फेटा

"साहेब, मॅप भलत्याच ठिकाणी लाल झालाय," मी म्हटलं.

साहेबांनी स्क्रीनकडं बघितलंसुद्धा नाही. "एकूण किलोमीटर कमी झाले ना? मग झालं तर!"

मी ट्रॅफिक इंजिनियर. कोल्हापुरात आमची ट्रायल चालू होती. गाडी जितके किलोमीटर चालेल तितका रस्त्याचा चार्ज. म्हणजे लोक विनाकारण गाड्या फिरवणार नाहीत आणि गर्दी कमी होईल, अशी कल्पना. सुरुवात मालवाहू टेम्पोंपासून केली. प्रत्येक टेम्पोत जीपीएसची डबी बसवली. ट्रायलमध्ये पैसे घ्यायचे नव्हते, चार्ज किती झाला असता तेवढंच दाखवायचं होतं. त्यामुळं डबीकडं कुणी ढुंकून बघेना. मग साहेबांनी शक्कल काढली. दर आठवड्याला सगळ्यात कमी किलोमीटरवाल्याचा फेटा बांधून सत्कार!

अहो, कोल्हापुरात फेटा म्हटल्यावर ईर्षा आलीच. चहाच्या गाड्यावर पैजा लागल्या. आजवर टेम्पो रिंग रोडनं गावाला वळसा घालून मार्केटला जायचे. रस्ता लांबचा, पण मोकळा. आता सगळे आमच्या जुन्या पेठेतनं घुसायला लागले, कारण तिथनं अंतर कमी. पहिला फेटा बंडू टेम्पोवाल्यानं मारला. पठ्ठ्या दिवसभर फेटा बांधूनच टेम्पो हाकत होता.

त्याच पेठेत संध्याकाळी दूधकट्टा भरायचा. गवळी रस्त्याकडेला म्हशी आणून बांधायचे, गिऱ्हाईकासमोर धार काढायचे आणि ते फेसाळ दूध लोक उभ्याउभ्या प्यायचे. दत्तूमामांकडं मी शाळेत असल्यापासून जायची. त्यांचं घर त्या कट्ट्यावरच चालायचं.

मॅप बघितला त्याच संध्याकाळी गेले. मामा म्हशीच्या कासेला हात लावून नुसतेच बसलेले. मागं टेम्पोंची रांग, हॉर्नचा कल्ला.

"काय झालं, मामा?"

"पान्हाच सोडंना की! हॉर्न वाजला की अंग चोरतीया. गिऱ्हाईक थांबून थांबून निघून जातंय. तुमच्या त्या डबीनं वाट लावली बघ, ताई."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

"सगळ्या रस्त्यांना दर एकच ठेवलाय, तिथंच घोळ आहे. गर्दीच्या रस्त्याला जादा लावा, रिंग रोडला माफ करा. आणि ते फेटे बंद करा."

"लोकांना समजायला सोपं पाहिजे, मॅडम."

"म्हशीला समजलं, साहेब. तुम्हाला कसं समजंना?"

साहेब हसले नाहीत. पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनीच उपाय मांडला. पेठेत अडथळा होतोय तो कट्ट्याचा, कट्टा गावाबाहेरच्या मैदानात हलवा. मी तावातावानं विरोध केला. बाकीच्यांनी साहेबांकडं बघून माना डोलावल्या, आणि कट्टा हलला.

पेलाभर दूध प्यायला गावाबाहेर कोण मरायला जातंय? मैदानात आधी गिऱ्हाईक आटलं, मग गवळी.

ट्रायल संपली. अंतर घटलं म्हणून रिपोर्टमध्ये 'यशस्वी' असा शेरा आला, पण योजना पुढं सरकलीच नाही. डब्या निघाल्या, सत्कार संपले आणि टेम्पो आपसूक रिंग रोडला परतले. पेठेतला तो रस्ता आता संध्याकाळी मोकळा असतो. कट्टा काही परत भरला नाही.

आमच्या धंद्यातला धडा तसा साधा आहे. गाडी किती चालली यापेक्षा कुठनं चालली ते आधी बघा. पण तो मी आता कुणाला सांगू?

मध्यंतरी दत्तूमामांच्या घरी गेले. गोठ्यात शेजाऱ्याची मोटारसायकल उभी होती.

"म्हैस?"

"दिली की राधानगरीकडं. बस, च्या घे."

मामींनी आत पिशवी फोडल्याचा आवाज आला. त्या घरात तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मामांनी कप पुढं केला, माझ्याकडं न बघता.

"गोड मानून घे, ताई. दूध घरचं न्हाय."