चिमटीतलं शिसं

"तळवा दाव!"

आमच्या साखर कारखान्याच्या लॅबमधले सगळ्यात जुने केमिस्ट आबा कुणाला नमस्कार करत नसत, थेट मनगट धरत. तळहात उजेडात धरून असा न्याहाळत, की इंदापूरच्या बाजारातला ज्योतिषी बघता तर गाशा गुंडाळून गेला असता. आबाही भविष्यच बघत म्हणा. आयुष्यरेषेवर त्यांना फक्त पांढरी पूड शोधायची असे.

ती पूड शिशाची. उसाच्या रसातली साखर मोजायची तर आधी ती टाकायची. मग गाळलेला काळपट रस काचेसारखा नितळ उतरतो. आता चमचा कोण शोधत बसणार? आम्ही केमिस्ट चिमटीनंच टाकायचो आणि त्याच हातानं तंबाखू मळायचो. आबांनी आमच्या तंबाखूच्या इतक्या पुड्या जप्त केल्या होत्या, की ते कपाट उघडलं असतं तर अख्खी बारामती शिंकली असती.

"शिसं खाताय लेकांनो. मेल्यावर वितळवून बंदुकीच्या गोळ्या करतील तुमच्या!"

आम्ही हसायचो. सगळ्यात मोठ्यानं कदम.

कदम लासुर्ण्याचा. पैलवान गडी, एका हातावर बैल तोलील असा. ऐन गाळपात त्याचं पोट दुखायला लागलं, तर पठ्ठ्या पित्ताच्या गोळ्या चघळत राहिला. एका दुपारी त्याच्या हातून फ्लास्क सुटला. काचा गोळा करायला वाकला, तर पंजा मनगटातून खाली लोंबलेला.

"आबा, ह्यो वर व्हईना की वो."

जो तो आपली बोटं हलवून बघत होता. मी तर पायाचीसुद्धा हलवली.

बारामतीच्या डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासलं. शिसंच निघालं. आबांनी शिशाच्या पुडीचा डबा कुलपात घातला आणि किल्ली बनियनच्या आत टाकली. कारखान्याचे मॅनेजर साहेब धावत आले.

"आबा, सीझन चालू आहे! साखरेचं रिडिंग कोण देणार?"

"देतो की किल्ली. आधी टेबलावर सांडलीय त्यातली चिमूटभर तंबाखूत मळून खावा, सायेब."

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. आठवडाभरात बिनशिशाची पूड आली, हातमोजे आले, आणि सगळ्यांचं रक्त तपासायचं ठरलं.

नर्सबाई आल्या तेव्हा आम्ही बाह्या सरसावून रांगेत उभे. आबा पाठीवर थापा मारत फिरत होते, "मुंगी चावल्यागत वाटतं रं, भ्यायचं काय त्यात?"

मग बाईंनी त्यांना हाक मारली. आबा खोलीत नव्हते.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते खिडकीतून. गेटजवळ, जळोचीला, घराकडं तोंड केलेल्या स्कूटरवर.

"आबा, तुमचा नंबर आलाय!" मी ओरडलो.

"तुमचं बघा. मला न्हाय कळून घ्यायचं."

त्यांनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून हँडलवर ठेवला, आणि त्याची बोटं एकेक करून मुठीभोवती मिटवली.