लांब पायाची मोटार

रामटेकच्या पुढं डोंगरात जे धरण झालं, त्याच्या पाण्यावर आमची मच्छीमार संस्था होती. ऐंशीनंतरची ती वर्षं. सभासद बहुतेक सारे ढिवर, मुळात नदीकाठचे. ज्यांनी जन्मभर कमरेएवढ्या धारेत जाळी टाकली, त्यांच्यापुढं धरणानं एकाएकी समुद्र आणून ठेवला होता. मी संस्थेची सचिव होते. दहावी झालेलं माणूस संस्थेत एकच होतं, म्हणून मी सचिव. दुसरं कारण नाही. वय बावीस. बाबा अध्यक्ष. ते ठरावावर अंगठा द्यायचे आणि मी शेजारी सही करायची.

संस्थेची एक मोठी नाव होती, सागवानाची. बारा माणसं आणि बर्फाच्या पेट्या तिच्यात आरामात मावत. पाण्याच्या वरच्या टोकाला आमचे लोक झोपड्या घालून राहत आणि मासे धरत. ते मासे बर्फात घालून रोज धरणाच्या भिंतीपर्यंत आणायचे, तिथून ते गाडीनं नागपूरच्या बाजारात जायचे. नावेला मागून अडकवलेली एक जुनी मोटार होती, दुसऱ्याच कुणीतरी वापरून टाकलेली. एका उन्हाळ्यात ती भर पाण्यात बंद पडली ती कायमची. त्या दिवशी बाबांनी आणि तिघांनी वल्ही मारत नाव आणली. पोचेस्तोवर बर्फाचं पाणी झालं होतं आणि रोहू-कतल्याच्या सगळ्या पेट्या वास मारत होत्या. बाबांनी ते मासे काठावर खड्डा करून पुरले.

नवी मोटार सरकारी योजनेतून मिळणार होती. पसंती संस्थेची, असं योजनेच्या कागदातच लिहिलेलं होतं. मी तो कागद दोनदा वाचला होता. पण मत्स्य खात्याच्या साहेबांनी आम्हाला नागपूरला बोलावलं तेव्हा टेबलावर ठराव आधीच टाइप होऊन पडलेला. मोटार कोणती, दुकान कोणतं, सगळं त्यात होतं. रिकामी होती ती फक्त खालची जागा, अंगठ्याची आणि सहीची.

साहेबांनी शाईचा पॅड बाबांकडं सरकवला. मी म्हटलं, मोटार आम्ही पाहिलेली नाही. साहेब माझ्याकडं न बघता बोलले, "पाहून काय करणार? जाळ्यातलं विचारा, ते तुम्हाला कळतं. मशीनचं आम्ही बघतो."

बाबा खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. त्यांना मी अशा ऑफिसांत नेहमी गप्प बसलेलं पाहिलं होतं. त्यांनी पॅड उचलला, बंद केला आणि परत साहेबांसमोर ठेवला.

"साहेब, नाव मी चालवतो. मोटार पाण्यात घालून पाहू. मंग अंगठा."

साहेबांना हसू आलं. ठीक आहे, म्हणाले, दुकानात जाऊन बघून या, हौस फिटेल. आम्ही उठलो. जिना उतरताना मी कठडा घट्ट धरला होता. बाबांनी तळहात धोतराला पुसले. खाली आल्यावर मला म्हणाले, "भेऊ नको वं. आपण चोरी करून नाही राहिलो."

दुकानात जायच्या आधी आम्ही हिंगण्याला गेलो. तिथल्या कारखान्यात बाबांचे एक दोस्त फिटर होते. मी त्यांना काका म्हणायची. आमच्याच गावचे, लहानपणी बाबांबरोबर नदीत पोहलेले. छप्पन साली त्यांच्या घरानं बौद्ध धम्म घेतला आणि त्यांच्या वडिलांनी गावकीची कामं एका दिवसात सोडली. त्या वर्षी गावानं त्यांना विहिरीवर येऊ दिलं नाही, किराणा दिला नाही. काका नागपूरला आले आणि मशीनवर हात बसवला. माणसाला कोणी "तुला काय कळतं" म्हटलं की काकांच्या कपाळावर एक शीर उठायची. बाबांनी ऑफिसातलं सांगितलं तेव्हा ती उठली. त्यांनी पहिली पाळी संपल्यावर अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि आमच्याबरोबर निघाले.

बाबांनी घरून बांबूची एक काठी आणली होती. तिच्यावर कोयत्यानं दोन खुणा केलेल्या. नावेच्या मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून पाणी किती खाली असतं, त्याचं ते माप. एक खूण भरल्या नावेची, एक रिकामीची. मोटार त्या फळीवर अडकते आणि तिचा पाय खाली पाण्यात जातो. पायाच्या टोकाला पंखा. पंखा पाण्यात नीट बुडाला तर नाव चालणार, इतकं साधं ते होतं.

दुकान शेतीच्या पंपांचं. कोपऱ्यात लाल रंगाची एक मोटार चकाकत होती. तीच ठरावातली. दुकानदार तिच्या वेगाबद्दल सांगत राहिला. मुंबईचे शेठ लोक याच मोटारीनं सैर करतात, म्हणाला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि काठी मोटारीच्या पायाला लावली. रिकाम्या नावेच्या खुणेपर्यंत पंखा जेमतेम पोचत होता. काकांनी पंख्याच्या पात्यांवरून हात फिरवला. पाती लहान आणि तिरकी होती. हा हलक्या होडीला पळवणारा पंखा आहे, ओझं ओढणारा नाही, असं त्यांनी आम्हाला हळूच सांगितलं.

बाबांनी दुकानदाराला विचारलं, पाण्याखाली खुंट लागला तर काय होतं? आमच्या धरणात अख्खं जंगल बुडालेलं आहे. झाडांची डोकी कुठं दिसतात, कुठं नाही. दुकानदाराला हा प्रश्न कधी कोणी विचारला नसावा. खुंट चुकवून चालवायची, म्हणाला.

काकांनी मग स्वतःच पंख्याची टोपी काढून दाखवली. आत पितळेची एक पिन असते. पंखा अडकला की ती तुटते आणि मोटार वाचते. अशा पिना खिशात पाहिजेत आणि त्या पाण्यावरच बदलता आल्या पाहिजेत. यातली पिन बदलायला तीन वेगळी अवजारं लागत होती.

बाबांनी लांब पायाची मोटार मागितली. दुकानदार म्हणाला, नागपुरात अशी मोटार कोणी मागत नाही; पाय आखूड पडत असेल तर नावेची मागची फळी कापून खाली घ्या, सुताराचं एका दिवसाचं काम आहे.

"फळी कापली तं लाट आत येईल," बाबा म्हणाले. "मोटारीसाठी नाव बुडवू काय गा?"

साहेबांना हे कळलं तेव्हा ते चिडले, पण त्यांनीच मार्ग सुचवला. मोटार धरणावर आणतो, चालवून दाखवतो, मग तोंड बंद करा. आठवड्यानं लाल मोटार जीपमधून आली. साहेब आले, दुकानाचा माणूस आला, काकांनीही सुट्टी टाकली. काठावर संस्थेची सगळी माणसं जमली होती, बायका टोपल्या खाली ठेवून उभ्या होत्या. दुपारचा वारा सुटला होता. बाबांनी मुद्दाम तीच वेळ धरली होती, कारण आमचं रोजचं येणं त्याच वाऱ्यात असायचं.

नाव रिकामीच निघाली; तिच्यात बाबा, काका, मी, साहेब आणि दुकानाचा माणूस एवढेच. काठाजवळ मोटार छान पळाली. साहेब माझ्याकडं बघून मान हलवत होते. उघड्या पाण्यावर गेलो तशी लाट नावेचं मागचं अंग उचलायला लागली. प्रत्येक उचलीला पंखा हवेत यायचा आणि मोटार किंचाळायची. नाव पुढं जायची सोडून आडवी व्हायला लागली. दुकानाचा माणूस म्हणाला, ओझं कमी आहे, नाव भरा. आम्ही कशीबशी काठाला आलो आणि पेट्यांत दगड भरून नाव भरली. आता पंखा पाण्यात राहिला, पण मागं नुसता फेस. बाजूनं पोहणारा माणूस पुढं जाईल एवढी ती चाल. वाऱ्यानं आम्हाला बुडालेल्या झाडांकडं ढकललं आणि तिथं खट्ट असा आवाज झाला. पिन तुटली. दुकानाच्या माणसाकडं दुसरी पिन नव्हती.

बाबांनी एक वल्हं काकांना दिलं, एक मला दिलं, आणि तिसरं क्षणभर हातात धरून साहेबांपुढं केलं. साहेबांनी ते घेतलं. खरं सांगते, त्या घटकेला मला त्यांची दया आली. त्यांच्या तळहाताला फोड येत होते आणि ते वाऱ्याविरुद्ध मुकाट ओढत होते. पण काठाला उतरल्यावर, जीपमध्ये बसताना, ते मला म्हणाले, या पाण्यात मासे धरायचा ठेका दरवर्षी नवा करावा लागतो, हे लक्षात ठेव.

मी लक्षात ठेवलं. त्याच आठवड्यात सभा बोलावली. मी घाबरलेली होते आणि तसं सभेत बोलूनही दाखवलं. ठेका गेला तर काय, हा प्रश्न सगळ्यांपुढं ठेवला. काही जण म्हणाले, घेऊन टाका लाल मोटार, साहेबाशी वैर कशाला. तेव्हा एक म्हातारी मावशी उठली. तिचा नवरा वरच्या टोकाच्या पाण्यात वाऱ्यात सापडून गेला होता. ती एवढंच म्हणाली, "पाण्यात आपण जातो. साहेब नाही जात." त्यावर वाद संपला. मी दुसरा ठराव लिहिला: लांब पाय, रुंद आणि संथ फिरणारा पंखा, घासलेटवर चालणारी, पिन हातानं बदलता येणारी. खाली चाळीसच्या वर अंगठे आणि चार सह्या घेतल्या. एक प्रत साहेबांना दिली, एक त्यांच्या वरच्या साहेबांना पोस्टानं पाठवली, आणि पोचपावती जपून ठेवली.

पावसाळा गेला, हिवाळा लागला. त्या काळात नाव वल्ह्यांवरच चालली. ठेक्याचा कागद खरोखरच अडला. मी आणि बाबा रोज पहिल्या गाडीनं नागपूरला जायचो आणि ऑफिसच्या व्हरांड्यात बसायचो. डबा तिथंच खायचा, संध्याकाळी परत. शिपाई म्हणायचा, साहेब नाहीत. आम्ही म्हणायचो, बसतो. असे नऊ दिवस बसलो. दहाव्या दिवशी वरच्या साहेबांनी आत बोलावलं, माझा ठराव त्यांच्या हातात होता. त्यांनी बाबांना एकच विचारलं, लांब पायच का. बाबांनी टेबलाची कड ही नावेची फळी धरून आणि काचेचा पेला पंखा धरून त्यांना समजावून सांगितलं. ठेकाही झाला आणि मोटारही मंजूर झाली.

ती मुंबईहून लाकडी खोक्यात आली. करड्या रंगाची, ओबडधोबड. काकांनी कारखान्यात लेथवर मूठभर पिना करून आणल्या. पहिल्याच दिवशी भरली नाव दुपारच्या वाऱ्यात वरच्या टोकाहून आली, आणि पेटी उघडली तेव्हा बर्फ तसाच होता. बायकांनी हात घालघालून पाहिला.

तिच्यात दोष नव्हते असं नाही. ती इतकी जड होती की उचलायला दोन माणसं लागत. थंडीच्या सकाळी दोरी ओढून ओढून खांदा भरून यायचा. धूर नाकात जायचा. पण इतकी वर्षं दुसऱ्यांनी आमच्यासाठी ठरवून दिलेल्या वस्तूंना आम्ही मनातल्या मनात शिव्या देत होतो, तशा हिला कोणी दिल्या नाहीत. पुढं एक नवा साहेब आला, त्यानं ती पाहून विचारलं, असलं धूड कोणी निवडलं? बाबा पंख्यात अडकलेली वेल काढत होते. ते मान वर न करता म्हणाले, "आमी निवडलं. काहून?"

साहेब नावेत बसला आणि आम्ही निघालो.